चौदाजणींचा दगड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे छप्पन्न, शिक्षण तिसरी, धंदा दगडावर अक्षरं कोरणं, राहणार पुराच्या भिंतीच्या वरच्या टोकाचं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असं माझा धाकटा भाऊ आणि वारसा समितीचे अध्यक्ष गावभर सांगत फिरतात, म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा दाखला घेऊन सोबत टाचला आहे. मी कुणाच्या दबावाखाली नाही, कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही, नशापाणी केलेलं नाही. रागात मात्र आहे. रागात लिहिलेलं चालतं का, हे मी दस्तलेखकाला विचारलं. तो म्हणाला, "बाई, रागाला कायद्याची हरकत नाही, फक्त अक्षर नीट काढा." अक्षराचं यानं मला शिकवावं! गावातल्या निम्म्या दगडांवर माझं अक्षर आहे.

कारण असं की, पंचेचाळीस वर्षांची दगडाची धूळ छातीत बसली आहे. येत्या सोमवारी फुप्फुसाचा एक तुकडा काढणार आहेत. त्या टेबलावरून उठले तर पुढचं पुढे बघू. नाही उठले तर हाच कागद शेवटचा. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही. भावाच्या कपाटातून माझ्या सहीचा एखादा कागद निघालाच तर तो खोटा समजावा आणि भावालाही तसंच समजावं.

कलम एक. घर. दोन खोल्या, मागची पत्र्याची शेड, पुढचा दगडी ओटा आणि नदीच्या अंगाची, रस्त्यावरून दिसणारी उभी भिंत, तीत जे जे बसवलेलं आहे त्यासकट, हे सगळं माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या थोरल्या मुलीला. ती दुधाची गाडी चालवते. पहाटे उठून सोळा वस्त्यांवर दूध पोचवते आणि तिचा बाप लोकांना सांगतो की मुलगी "वाहतूक क्षेत्रात" आहे. लाज वाटते त्याला. मला नाही वाटत. शेडचं छप्पर गळतं, उजव्या कोपऱ्यात. बादली ठेवून वेळ मारून नेऊ नये, पत्रा बदलावा.

या घराचं "माहिती केंद्र" करायचा समितीचा बेत आहे. माझ्या चुलीशेजारी दोरी बांधून, तिकीट लावून, लोकांना फिरवायचं. नकाशासुद्धा काढून झालाय. मी जिवंत असताना माझ्या मोरीच्या जागी "अभ्यागत कक्ष" दाखवलाय. भाचीनं हे घर विकावं, भाड्यानं द्यावं, पाडून नवं बांधावं, माझी हरकत नाही. समितीला दिलं तर मात्र मी जिथे असेन तिथून उठून येईन.

कलम दोन. धाकटा भाऊ. त्याला माझा ओळंबा. पितळेचा आहे, दोरीसकट. भिंत सरळ आहे की नाही ते ओळंबा सांगतो. त्यानं तो रोज सकाळी स्वतःच्या शेजारी धरून बघावा. याला शिकवायचं म्हणून माझी शाळा तिसरीत सुटली. याच्या वह्यांसाठी मी बापाच्या हाताखाली दगड घासले. शिकून हा समितीचा चिटणीस झाला आणि माझ्याकडे आला तो समितीचं पत्र घेऊन, त्यात मला लिहिलेलं, "आदरणीय महोदया". अरे, तुझं नाक पुसलंय मी.

कलम तीन. नवरा. एकवीस वर्षांपूर्वी पान आणायला म्हणून गेला. दुसऱ्या गावात त्याचं बरं चाललंय असं ऐकते. कायद्यानं त्याचा काही हक्क निघत असेल तर त्याची छत्री दाराच्या मागे खुंटीला आहे, ती न्यावी. एक काडी मोडलेली आहे. मी मोडलेली नाही.

कलम चार. पतपेढीत जी काही ठेव आहे तिच्यातून दवाखान्याला वाफ घ्यायची यंत्रं घेऊन द्यावीत, खाणीवरच्या बायकांसाठी. त्याही माझ्यासारख्याच खोकतात, पण त्यांना कुणी विचारत नाही. यंत्रावर देणगीदाराची पाटी लावू नये. पाट्यांचा मला कंटाळा आलाय.

कलम पाच. हत्यारं. छिन्न्या, काटकोन बघायचा गुण्या, पहार, बापाचा लाकडी मुठीचा हातोडा. भाचीनं सांभाळावीत आणि कोणी बाईमाणूस शिकायला आलं तर तिला द्यावीत. फुकट द्यावीत. पण आधी तिला तोंडाला फडकं बांधायला सांगावं. मला कुणी सांगितलं नाही, आणि नंतर सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही.

कलम सहा. समितीनं गावात "ऐतिहासिक स्थळ" म्हणून बावीस दगड लावले. बावीसही मी कोरले. बाहेरची माणसं येतात, वाचतात, फोटो काढतात. म्हणून मी लिहून ठेवते. टपालकचेरीचा दगड खरा आहे. जुन्या पुलाचाही खरा, साल सोडून. घंटाघराचा अर्धा खरा. दवाखान्यामागच्या बंगलीवर लिहिलंय की मोठ्या लढाईच्या आदल्या दिवशी एक सेनापती इथे मुक्कामाला होता. ती बंगली माझ्या बापानं बांधली. मी आठ वर्षांची होते, विटा मीच हातात देत होते. सेनापती झोपला कुठे, आमच्या विटांच्या ढिगावर? हे मी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणजे समितीचे इतिहासकार, शाळेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "बाई, जागा तीच, इमारत नंतरची."

"मग जागेवर लिहा की. इमारतीवर कशाला?"

"तुम्ही कोरा हो."

तुम्ही कोरा हो. नऊ वर्षं हेच ऐकलं आणि कोरत गेले. बाकीच्या दगडांची यादी शेडमधल्या निळ्या डब्यात आहे, कुठल्या दगडावर काय खोटं ते मी लिहून ठेवलंय. ज्याला इतिहास हवा असेल त्यानं ती वाचावी.

कलम सात. आता पुराच्या भिंतीच्या दगडाचं. खरं तर हे मृत्युपत्र याच्यासाठीच आहे. वरची कलमं दस्तलेखकाच्या समाधानासाठी.

मी आईच्या पोटात होते त्या वर्षी नदी गावात शिरली. गावचे पुरुष वरच्या खाणीवर कामाला होते आणि रस्ता वाहून गेला होता. पाणी ओसरलं तेव्हा खालची आळी जाग्यावर नव्हती, आणि वर आभाळ पुन्हा भरत होतं. तेव्हा चौदा बायकांनी नदीतले दगड वाहून ही भिंत उभी केली. एकोणीस दिवसांत. बांधताना आधाराला फळ्या हव्या होत्या. वखारीत फळ्यांचे ढीग पडून होते. वखारीच्या तेव्हाच्या मालकानं, म्हणजे समितीच्या आताच्या अध्यक्षांच्या वडिलांनी, फाटकाला कुलूप घातलं आणि माडीवर जाऊन बसले. बायकांनी कुलूप तोडलं. भिंत झाली. दुसरं पाणी आलं ते भिंतीला घासून निघून गेलं, आणि त्यामुळे तुम्ही सगळे आज आहात, अध्यक्षांसकट.

बाप खाणीवरून परत आला. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं चाचपली. मग एक काळा दगड घेतला आणि त्यावर कोरलं: "पुराच्या साली ही भिंत या चौदाजणींनी एकोणीस दिवसांत बांधली. पुरुष गावात नव्हते. फळ्या वखारीचं कुलूप तोडून आणल्या." खाली चौदा नावं. गाव ज्या नावानं हाक मारायचं तीच. ठेंगणी, सुईण, दोघी जावा, बोबडी, गिरणीवाली, अशी. शेवटचं माझ्या आईचं, "कोरणाऱ्याची". या एका शब्दावरून मी बापाशी तो मरेपर्यंत भांडले. आईला स्वतःचं नाव नव्हतं का? तो म्हणायचा, "गाव हेच म्हणायचं." म्हणून काय झालं? छिन्नी गावाच्या हातात होती का?

तरी तो दगड माझी चौथी-पाचवी-सहावी होता. शाळा सुटल्यावर मी त्याच्यावरच वाचायला शिकले. खाचेत बोट घालून, एकेक अक्षर.

नऊ वर्षांपूर्वी रस्ता रुंद केला तेव्हा दगड काढला. नगरपालिकेच्या आवारात मोडक्या बाकांखाली पडून राहिला. मी दोनदा विचारायला गेले, दोनदा साहेब जेवायला गेले होते. मग एके दिवशी वखारीची हातगाडी तोच दगड घेऊन माझ्या दारात. मागून अध्यक्ष, मास्तर आणि माझा भाऊ.

अध्यक्ष म्हणाले, "नवा दगड कशाला? हा उत्तम आहे. मागची बाजू कोरी आहे."

आमच्या धंद्यात दगड वाया घालवत नाहीत. जुनी बाजू आत, नवी बाहेर. हे मी पन्नास वेळा केलंय, बापानंही केलंय. कुणाच्या पायरीच्या पोटात कुणाचं नाव झोपलंय ते आम्हालाच ठाऊक. अध्यक्षांना ही रीत माहीत होती. म्हणूनच त्यांनी दगड फोडला नाही. फोडला असता तर गाव बोललं असतं. उलटा केला तर कोण बोलणार?

मी म्हटलं, "आणि पुढच्या बाजूचं काय?"

मास्तर म्हणाले, "नुसती नावांची यादी म्हणजे इतिहास नव्हे. त्याला पुरावा लागतो."

"पुरावा हा काय, दगड."

"दगड कोरला कोणी? तुमच्या वडिलांनी. म्हणजे तो घरगुती मामला झाला."

भाऊ म्हणाला, "ताई, उगाच वाकड्यात शिरू नकोस."

त्यांनी दिलेला मजकूर असा: "ही पूरसंरक्षक भिंत वखारीच्या दानशूर संस्थापकांनी लोककल्याणार्थ उभारून नगरास अर्पण केली." आणि तो मी कोरला. बापाच्या दगडाच्या पाठीवर. मला कुणी बांधून घातलं नव्हतं. काम हातचं जाईल म्हणूनही नव्हे. का, ते लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहायचं तर हा कागद कशाला. अध्यक्ष म्हणाले, "खाली बारीक अक्षरात कोरणारी म्हणून तुमचं नाव घाला." बापानं जन्मभर एका दगडावर स्वतःचं नाव घातलं नव्हतं. मला हाव सुटली. चौदा नावं भिंतीत गाडली आणि एक बाहेर ठेवलं, माझं.

त्यांना तो रस्त्यावरून दिसायला हवा होता, म्हणून माझ्या घराच्या भिंतीत बसवला. बसवताना मी एकच शहाणपण केलं. सिमेंट वापरलं नाही, चुन्यात बसवला. नावांच्या बाजूला मेणकापड लावलं, मग चुना. चुना पुन्हा सुटतो. अध्यक्षांनी विचारलं, "सिमेंट का नाही?" मी म्हटलं, "ऐतिहासिक दिसतं." खूश झाले.

भिंत माझी आहे. दस्तलेखकाला विचारलंय, माझ्या भिंतीत जे बसलंय ते माझं. सबब, माझ्या मरणानंतर एक महिन्याच्या आत भाचीनं हा दगड काढून, फिरवून, नावांची बाजू बाहेर करून पुन्हा बसवावा. तसं केलं तरच कलम एकप्रमाणे घर तिचं, नाहीतर नाही.

कलम आठ. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर अध्यक्षांना बोलू देऊ नये. माझ्या नावाचा दगड कुठेही लावू नये. कोरणार कोण? मी तर नसेन, आणि दुसऱ्याचं अक्षर मला खपत नाही.

पुरवणी. वरचं सगळं काल लिहून झालं. आज सकाळी दुधाची फेरी संपवून भाची आली तेव्हा तिला वाचायला दिलं. तिनं ओट्यावर बसून वाचलं. कलम दोनला हसली. कलम सातला हसायची थांबली. मग म्हणाली, "आत्या, हे मी का करायचं?"

मी म्हटलं, "घर नको असेल तर नको करूस."

"घर गेलं उडत. तू मेल्यावर का? तुला आज काय धाड भरलीय?"

"सोमवारी ऑपरेशन आहे माझं."

"आज बुधवार आहे. तुला बस चुकली तर तू ड्रायव्हरला शिव्या घालतेस. चहाला उकळी येईपर्यंत तुला दम निघत नाही. आणि हे एवढंच काम मेल्यावर? भ्यालीस तू आत्या. बाबांना आणि त्या वखारवाल्याला भ्यालीस."

मी तिला तोंड सांभाळायला सांगितलं. तिनं सांभाळलं नाही, आमच्या घरात कुणी सांभाळत नाही. म्हणाली, "चौदातली एक अजून आहे. गिरणीवाली आजी. मी रोज दूध घालते तिच्याकडे. एक्क्याण्णव वर्षांची. तू मरेपर्यंत ती थांबायची आहे का? चिठ्ठी पाठवू तिला, की आमच्या आत्याला जरा वेळ लागतोय?"

मी उठले आणि शेडमधून छिन्न्या आणि पहार काढून आणली.

पहार भाचीनं घेतली. नळाला पाणी सोडणारा गल्लीच्या तोंडाशी झडप फिरवत होता, त्याला हाक मारली. शेजारची शिवणकाम करणारी मशीन बंद करून आली, हातात गाद्या, खाली अंथरायला. चुना मी सोडवला. डॉक्टरीणबाईंनी धूळ वर्ज्य सांगितली आहे, म्हणून फडकं बांधून, पाणी मारत मारत, चारी बाजूंनी. भरदिवसा, साडेअकरा वाजता, रस्त्यावर माणसं असताना. कुणीतरी जाऊन सांगितलंच. अध्यक्ष आले, मागोमाग भाऊ.

अध्यक्ष म्हणाले, "समितीच्या दगडाला हात लावलात! मी पोलिसांत जाईन."

मी म्हटलं, "जा. आणि जाताना वखारीला कुलूप घालायला विसरू नका."

रस्त्यावर कुणीतरी हसलं. बाकीच्यांना कळलं नाही, कारण नऊ वर्षं ती ओळ आत होती. मग नळवाल्यानं आणि भाचीनं दगड गाद्यांवर उतरवून फिरवला, मी मेणकापड ओढून काढलं, आणि नळवाल्यानं ती ओळ मोठ्यानं वाचली. मग सगळ्यांना कळलं. भाऊ म्हणाला, "ताई, तू मला कुठे तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." मी म्हटलं, "जागा आहे. आईचं नाव खालून पहिलं आहे, तिथे तोंड घेऊन ये आणि वाच." तो आला नाही. पण गेलाही नाही, रस्त्याच्या कडेला उभा राहिला. दगड उचलून जागेवर चढवायची वेळ आली तेव्हा दोघांना तो पेलेना. तेव्हा तिसरा हात त्याचा होता. कलम दोनमधला ओळंबा मी तसाच ठेवते, पण आजच्यापुरता तो वापरायची गरज नाही.

भाची गाडी घेऊन गेली आणि दुधाच्या कॅनच्या जागी गिरणीवालीला बसवून आली. तिला आता दिसत नाही. तिला दगडापाशी नेलं, मी तिचा हात धरून खाचेवर ठेवला. तिनं हात झटकला. "मला कळतं." एकेक नाव बोटानं मोजत खाली गेली. प्रत्येक नावाशी थोडी थांबली. नवव्याशी थांबली ती जास्त.

"ही मी?"

"हो आजी."

"नववी?"

"हो."

"कुलुपाचं लिहिलंय का?"

"लिहिलंय. वरच."

"कुलूप मी तोडलं. बाकीच्या फाटकाशी उभ्या राहून एकमेकींकडे बघत होत्या. तुझ्या बापाला मी तेव्हाच सांगितलं होतं, मला पहिली घे म्हणून. नववी! दगडोबा कुठला!"

तिचा राग बघून मला बरं वाटलं. सत्तावन्न वर्षं टिकलेला राग होता, आणि आवाज अजून माझ्यापेक्षा मोठा. मी म्हटलं, दगडावर आता बदल होणार नाही, पण माझ्याकडे एक कागद आहे, त्यावर अजून जागा आहे.

सबब, कलम सातचा शेवटचा परिच्छेद मी आज स्वतःच्या हातानं खोडला आहे. काम झालेलं आहे. घर भाचीला कुठल्याही अटीशिवाय. अध्यक्षांच्या वडिलांची ओळ आता आत, चुन्यात आहे, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात माझं नावही. ते तिथेच बरं. चुन्यावर दोन दिवस पाणी मारावं लागेल, ते मीच मारीन. सोमवारपर्यंत वेळ आहे.

भाचीला घर मिळत असल्यानं तिला साक्षीदार होता येत नाही असं दस्तलेखक म्हणाला, म्हणून तिची सही इथे नाही. खालच्या तिघांनी मला शुद्धीवर असताना, रागात असताना, सही करताना समोर बसून पाहिलं, गिरणीवालीनं ऐकलं, आणि माझ्या समोर आपल्या सह्या केल्या.

ठिकाण: पुराच्या भिंतीचं वरचं टोक, माझ्या घराचा ओटा.
तारीख सतरा, बुधवार, दुपारी साडेतीन.

लिहून ठेवणार: कोरणारी. सही.

साक्षीदार पहिली, तिच्या हट्टावरून सगळ्यांच्या वर: गिरणीवाली. डाव्या हाताचा अंगठा.
साक्षीदार दुसरा: नळाला पाणी सोडणारा. सही.
साक्षीदार तिसरी: शेजारची शिवणकाम करणारी. सही.